कार्यक्रम रद्द, डबे रद्द नाहीत

ज्येन बीश्या संगणकशास्त्र विभागात आल्या त्या तीन महिन्यांसाठी. आधीची कारकून बाळंतपणाच्या रजेवर गेली होती. ती परत आली की आपली छत्री आणि पाण्याची बाटली उचलून निघायचं, असं ठरलं होतं. ती परत आली नाही. तिला दुसरं झालं, मग तिसरं झालं (तेव्हा तैवानात लोकांना तिसरं मूल होत असे), आणि शेवटी ती तिघांना घेऊन ताइचुंगला राहायला गेली. बीश्यांना कुणी ‘आता तुम्ही कायम’ असं म्हटलं नाही, आणि ‘आता निघा’ असंही म्हटलं नाही. या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली.

या एकोणीस वर्षांत त्यांनी प्रोग्रॅमची एक ओळ लिहिली नाही. वडील मिनश्युंगच्या बाजूला अननस लावायचे. मुलगी वाणिज्य शाळेत टंकलेखन शिकली, आणि त्या वेगाच्या जोरावर ती विभागात शिरली. संगणकशास्त्राबद्दल त्यांचं मत थोडक्यात होतं. संगणक अडला तर बंद करून चालू करायचा आणि विद्यार्थी अडला तर आधी जेवलास का ते विचारायचं. दोन्हींपैकी दुसरा उपाय जास्त वेळा लागू पडतो, असा त्यांचा अनुभव होता. सर्व्हर शहाण्यासारखे चालावेत म्हणून तैवानात त्यांच्या कपाटावर मक्याच्या फुग्यांचं जे हिरवं पाकीट ठेवतात, त्याची तारीख उलटायच्या आत ते बदलण्याचं कामही त्यांच्याकडेच होतं. पीएचडी झालेले सात प्राध्यापक होते, पण ते काम बीश्यांनी दुसऱ्या कुणाच्या भरवशावर कधी सोडलं नाही.

विद्यार्थी त्यांना बीश्या ताई म्हणत. पाठीमागेसुद्धा बीश्या ताईच म्हणत, याचा त्यांना थोडा अभिमान होता, कारण विभागप्रमुख हौ सरांना पाठीमागे काय म्हणतात ते त्यांना ठाऊक होतं.

त्यांचं खरं काम म्हणजे सोमवारचं पत्र. दर सोमवारी सकाळी साडेनऊला विभागातल्या चारशे बारा विद्यार्थ्यांना एक ईमेल जाई. विषय ठरलेला: ‘या आठवड्यातले कार्यक्रम आणि संधी’. देशातून आणि देशाबाहेरून जेवढी भित्तिपत्रकं येत, तेवढी सगळी बीश्या वाचत आणि माणसाला कळेल अशा भाषेत उतरवत. मूळ पत्रकात लिहिलेलं असे, ‘नवकल्पनेच्या सीमा ओलांडणारा छत्तीस तासांचा महासंग्राम’. बीश्या लिहीत, ‘छत्तीस तास जागून प्रोग्रॅम लिहायची स्पर्धा. जागा गार आहे, पांघरूण न्या. तिसऱ्या क्रमांकाला प्रिंटर मिळतो, तो नको असेल तर दुसरा क्रमांक काढा.’ जपानच्या उन्हाळी शिबिराखाली लिहीत, ‘पासपोर्ट नसलेल्यांनी आजच अर्ज करावा. दरवर्षी दोघे जण आदल्या आठवड्यात माझ्यासमोर रडतात.’

पाच वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने चांगल्या भावनेने त्यांना एक सोय करून दिली. पत्र किती जणांनी उघडलं ते पडद्यावर दिसू लागलं. शेकडा अकरा. बीश्यांनी तो आकडा बघितला, त्या मुलाला थँक्यू म्हटलं, आणि ती सोय बंद कशी करायची तेही विचारून घेतलं. पण बंद मात्र केली नाही.

पत्र न वाचणारी मुलं कार्यक्रमाला येत ती डब्यासाठी. हे सगळीकडेच आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. दुपारी बाराचं व्याख्यान म्हणजे दारात डबे, डब्यात टर्कीभात, वर मसाल्यात शिजवलेलं अंडं. नावनोंदणीच्या अर्जावर नाव, वर्ष आणि ‘मांसाहारी की शाकाहारी’ एवढे तीनच प्रश्न. चौथा प्रश्न, ‘व्याख्यात्याला काय विचाराल?’, हौ सरांनी एकदा घातला होता. त्या वेळी साठपैकी एकोणसाठ जणांनी ‘काही नाही’ लिहिलं आणि एकाने ‘अंडी दोन मिळतील का’.

अडचण एवढीच की मुलं नाव नोंदवत आणि येत नसत. मग अकरा-बारा डबे तसेच उरत, बीश्या ते घेऊन जिन्याजिन्याने फिरत. म्हणून सोळा वर्षांपूर्वी त्यांनी एक वही केली. नाव नोंदवून न आलेल्याचं नाव वहीत, आणि पुढचे दोन महिने त्याला डबा बंद. भाषण ऐकायला बंदी नव्हती. पण डब्याशिवाय नुसतं भाषण ऐकायला येणारा विद्यार्थी अजून विभागात दाखल व्हायचा होता. या वहीला काळी यादी म्हणत, तिचं पुठ्ठ्याचं आवरण गुलाबी होतं, आणि तिला अपवाद नव्हता. हौ सरांच्या पुतण्याचंही नाव तिच्यात दोनदा आलं होतं.

त्या ऑक्टोबरात मात्र बीश्या काळजीत होत्या. ताइनानची एक कंपनी, कारखान्यातल्या यंत्रांवर लक्ष ठेवणारे छोटे संगणक बनवणारी, दर शरद ऋतूत त्यांच्याकडे यायची आणि तिसऱ्या वर्षाच्या चार मुलांना सहा महिन्यांसाठी प्रशिक्षणाला घ्यायची. त्यातली तीन तरी पुढे तिथेच नोकरीला लागायची. मोठ्या नावाच्या विद्यापीठांत अशा दहा कंपन्या रांगेत उभ्या असतात. बीश्यांच्या विभागात ही एकच होती. गेल्या वर्षी तिच्या कार्यक्रमाला सतराच जण आले, त्यातला एक चुकून आलेला होता. त्यावर कंपनीने कळवलं की यंदा शेवटचं बघू. तुमच्या विभागाचे निदान चाळीस विद्यार्थी सहीनिशी हजर दिसले, तर चार जागा पुढेही राहतील, नाहीतर आमच्या यादीतून तुमचं नाव कमी होईल.

हे कळवणारा शाओ पिंगजुन याच विभागातून अकरा वर्षांपूर्वी बाहेर पडला होता. त्याने ईमेल पाठवलं आणि लगेच फोनही केला.

“ताई, मी वर शब्द टाकलाय. आता चाळीसच्या खाली आले तर माझं तोंड बघण्यासारखं होईल.”

“येतील. गुरुवारी बाराला ये. डबे चांगल्या दुकानातून सांगितलेत.”

“एक विचारू? माझं नाव अजून वहीत आहे का हो?”

“आहे ना. कंपायलरच्या व्याख्यानाला नाव दिलंस आणि बास्केटबॉल खेळायला गेलास. त्यानंतर तू पास होऊन गेलास, दोन महिने भरलेच नाहीत.”

“म्हणजे गुरुवारी मला डबा नाही?”

“व्याख्यात्याला असतो. तो नियम वेगळा.”

बीश्यांनी कधी नव्हे इतकी तयारी केली. सलग तीन सोमवार पत्रात सगळ्यात वर हाच कार्यक्रम घातला. वर्गावर्गांत जाऊन सांगून आल्या. बुधवारी संध्याकाळपर्यंत अठ्ठावन्न नावं आली. पाहुण्याचा एक आणि आपला एक धरून त्यांनी साठ डबे सांगितले. मुलांचे ‘ताई, शाकाहारीत अंडं चालतं का’ असे निरोप सातपर्यंत येत राहिले, तेव्हा त्यांनी फोनचा आवाज बंद केला, तो पर्समध्ये टाकला आणि घरीच नावांची यादी छापायला बसल्या.

समुद्रात एक वादळ होतं. ऑक्टोबरात असतंच. आठ वाजता टीव्हीवर कुठल्या कुठल्या भागाला उद्या वादळाची सुट्टी ते सांगू लागले. बीश्यांचे यजमान जिनत्साई यांचं च्यायी शहरात चष्म्याचं दुकान आहे. ते सोफ्यावर पाय दुमडून बघत होते.

“आपल्याला सुट्टी नाही,” ते म्हणाले. “उद्या कामावर.”

“बरं झालं,” बीश्या म्हणाल्या आणि पुढचा कागद लावला.

जिनत्साई काही खोटं बोलले नव्हते. च्यायी शहराला सुट्टी नव्हती. पण विद्यापीठ शहरात नाही. ते शहराची हद्द संपल्यावर सहा किलोमीटरवर, च्यायी जिल्ह्यात आहे. सुट्टी शहरात महापौर ठरवतात आणि जिल्ह्यात जिल्हाप्रमुख. महापौरांना जे वादळ दिसलं नाही, ते जिल्हाप्रमुखांना दिसलं होतं. जिल्ह्याला पूर्ण सुट्टी होती. एकोणीस वर्षं बीश्या ही हद्द रोज दोनदा ओलांडत होत्या, आणि दर वादळाला दोन्हीकडची बातमी स्वतःच्या डोळ्यांनी बघत होत्या. या एकाच संध्याकाळी त्यांनी ती नवऱ्याच्या तोंडून ऐकली.

सकाळी सहाला पावसाची एक सर येऊन गेली. आठ वाजता आकाश असं निळं झालं की वादळ कुणी बनवून सांगितलं होतं की काय असं वाटावं. बीश्या स्कूटरवरून नऊला विद्यापीठाच्या दाराशी पोहोचल्या. दार लावलेलं होतं. पहारेकरी लो काका खुर्चीत बसून शेंगा सोलत होते.

“आज इकडे कुठे?” त्यांनी विचारलं.

“कामावर.”

“आज सुट्टी आहे की.”

बीश्यांनी आकाशाकडे बघितलं. लो काकांनीही बघितलं.

“मी सुट्टी दिलेली नाही,” लो काका म्हणाले. “माझ्याकडे नका बघू असं.”

बीश्यांनी पर्समधून फोन काढला. त्यावर एकशे सदुसष्ट निरोप होते. त्यातले बहुतेक रात्री आठ वाजून दोन मिनिटांचे, आणि त्यांत शब्द कमी आणि नाचणाऱ्या अस्वलांची चित्रं जास्त होती. त्यांनी प्रथम घरी फोन लावला.

“तुम्ही म्हणालात सुट्टी नाही.”

“नाहीच आहे. मी दुकानातच बसलोय.”

“जिल्ह्याला आहे.”

जिनत्साईंनी हातातला चष्मा खाली ठेवला. “अगं, पण तू जिल्ह्यात काम करतेस.”

“एकोणीस वर्षं करतेय.”

“मग तसं विचारायचंस ना.”

दुसरा फोन हौ सरांना. सर घरीच होते, मागे कुणीतरी काहीतरी तळत होतं.

“रद्द करा, ज्येन बाई,” ते म्हणाले. “सुट्टीच्या दिवशी इमारत उघडता येत नाही. कार्यक्रम करता येत नाही. कुणाच्या डोक्यावर काही पडलं तर जबाबदार कोण?”

“पडण्यासारखं काही नाही सर. ऊन पडलंय.”

“नियम ऊन बघून बदलत नाही.”

“पाहुणे ताइनानहून निघालेत. ताइनानला सुट्टी नाही. आणि शहरातल्या दुकानात डबे शिजलेत, शहरालाही सुट्टी नाही.”

“डब्यांचं मला काय सांगता? डबे म्हणजे काही कार्यक्रम नव्हे.”

बीश्यांनी हे वाक्य मनात एकदा पुन्हा म्हणून बघितलं. “बरोबर आहे सर,” त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला. विभागप्रमुखांकडून एवढं स्पष्ट मार्गदर्शन त्यांना पूर्वी कधी मिळालं नव्हतं.

त्या लो काकांच्या कोठडीत स्टुलावर बसल्या आणि परिस्थिती मांडून बघू लागल्या. जवळपासची मुलं रात्रीच घरी गेली असणार, पण वसतिगृहात दोनेकशे तरी आहेत. खानावळ बंद. कोपऱ्यावरच्या दुकानात काल आठ वाजून दहा मिनिटांनी झटपट शेवया संपल्या असणार आणि साडेआठला भाताचे गोळे. सुट्टी म्हटल्यावर मुलं बेशुद्ध झोपलेली, पण अकराला पोट उठवेल. आणि वसतिगृह कधीच बंद नसतं, त्याला नियम लागत नाही, कारण मुलं तिथे राहतात.

पावणेअकराला, सोमवार नसताना, त्यांनी पत्र लिहिलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच.

‘कार्यक्रम रद्द. डबे रद्द नाहीत. दोन नंबरच्या वसतिगृहाच्या तळमजल्यावर, कपडे धुण्याच्या यंत्रांसमोर, बारा वाजता. डबा घेताना सही करावी. डबा तिथेच बसून संपवावा. त्या वेळी शेजारी कुणी बोलत असल्यास ऐकायला हरकत नाही.’

खाली नेहमीचं वाक्य होतं, ‘काळ्या यादीतील व्यक्तींना डबा मिळणार नाही.’ ते त्यांनी टाइप केलं नव्हतं, ते पत्राच्या तळाशी आपोआप येई.

दहा मिनिटांनी त्यांनी तो आकडा बघितला. शेकडा सदतीस. वीस मिनिटांनी शेकडा त्र्याऐंशी. बीश्यांनी फोन उलटा ठेवला. माणसाने एकोणीस वर्षं योग्य तेच लिहिलं असेल, पण पोटाला उद्देशून लिहिलं नसेल, तर त्याचा उपयोग काय, हा विचार त्यांनी तेवढ्यावरच सोडला.

शाओ पिंगजुन सव्वाअकराला मिनश्युंग स्टेशनवरून चालत आला. अंगात कोट, हातात कंपनीची पिशवी, कपाळावर घाम.

“ताई, रस्त्यावर कुणीच नाही.”

“सुट्टी आहे.”

“कसली?”

“वादळाची.”

शाओने वर बघितलं. त्या दिवशी सगळ्यांनीच एकदा वर बघितलं. मग त्याने खाली बसून घेतलं, लो काकांच्या शेंगांच्या शेजारी.

“संपलं म्हणजे,” तो म्हणाला.

“तू कोट काढ,” बीश्या म्हणाल्या. “आणि चल.”

कपडे धुण्याची खोली लांबट होती. एका भिंतीला सहा यंत्रं, दुसऱ्या भिंतीला बाकं, मध्ये फरशी. डबे आले तसे बीश्यांनी ते वाळवण्याच्या यंत्रावर रचले आणि समोर सहीचा कागद ठेवला. बाराला पाच मिनिटं असताना जिन्यावरून चपला वाजू लागल्या. मुलं उतरली, केस उभे, डोळे अर्धे मिटलेले. काही जणांनी आपल्या धुण्याच्या बादल्याही आणल्या होत्या, एका फेरीत दोन कामं म्हणून. मुली पलीकडच्या वसतिगृहातून आल्या. त्यांनी निदान केस विंचरले होते.

मुलं पटापट सह्या करत होती आणि डबे घेऊन फरशीवर बसत होती. गर्दी बघून शाओचा चेहरा खुलला. बीश्यांचा मात्र नाही. त्यांना चेहरे ठाऊक होते.

“तू आमच्यातला नाहीस,” त्यांनी एका उंच मुलाला म्हटलं.

“फलोद्यान विभाग, मावशी. पण आम्ही पण संगणक वापरतो.”

“डबा घे, सही करू नकोस.”

असे फलोद्यानाचे, चिनी साहित्याचे आणि एक तर चक्क शेजारच्या शाळेचा, मिळून तेरा निघाले. उपाशी पोराला डब्यासमोरून परत पाठवणं बीश्यांना जमत नसे. सत्तेचाळीस डबे गेले तेव्हा रांग संपली. कागदावर विभागाच्या चौतीस सह्या होत्या.

बीश्यांनी दोनदा मोजल्या. शाओनेही मोजल्या. सहा कमी.

“ताई, मी करतो की सहा,” भात तोंडात असलेला एक मुलगा म्हणाला. “माझ्या हातात चार प्रकारची अक्षरं आहेत. हजेरीवर कुणाला कळलं नाही आजवर.”

“मला कळतं,” बीश्या म्हणाल्या. “मंगळवारच्या नेटवर्किंगच्या तासाची हजेरी तूच करतोस पाच जणांची. बस खाली.”

तो बसला.

“वर कुणीच राहिलं नाही का आपलं?” बीश्यांनी विचारलं.

मुलांनी एकमेकांकडे बघितलं. मग एक मुलगी म्हणाली, “आहेत ना. नऊ जण आहेत. तिसऱ्या मजल्यावर. ते यादीतले आहेत, ताई. वास तिथपर्यंत जातोय म्हणून त्यांनी दार लावून घेतलंय.”

सगळे बीश्यांच्या पर्सकडे बघू लागले. चाळीसचा आकडा कुणी सांगितला नव्हता तरी तो एव्हाना सगळ्यांना माहीत झाला होता, आणि वहीबद्दल तर पहिल्या वर्षापासूनच माहीत होतं. शाओ यंत्राला टेकून उभा होता. त्याचं बोलणं बरं दिसलं नसतं, तो स्वतःच वहीत होता.

बीश्यांनी पर्स उघडली, गुलाबी वही काढली, जरा वेळ धरली आणि परत आत ठेवली.

“आज सुट्टी आहे,” त्या म्हणाल्या. “सुट्टीच्या दिवशी कार्यालयीन वह्या चालत नाहीत. जा कुणीतरी, सांगा त्यांना.”

सांगायला जावं लागलं नाही. चार जणांनी जिन्यातूनच ओरडून सांगितलं, आणि वरून नऊ जण असे खाली आले की इमारतीला खरंच वादळाची सुट्टी द्यावी. शेवटी आला तो खांग यूचे, तिसरं वर्ष, पायात एक आपली आणि एक दुसऱ्याची चप्पल. त्याने ‘वेळेचं नियोजन’ या व्याख्यानाला नाव नोंदवलं होतं आणि झोपून राहिला होता. बीश्यांनी कागद पुढे केला. त्याने सही केली. त्रेचाळीस.

शाओने श्वास सोडला, शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि बोलायला उभा राहिला. पडदा नव्हता. भिंतीवर ‘मोजे यंत्रात विसरू नयेत’ अशी पाटी होती, तिच्या खाली तो उभा राहिला. बोलू लागला आणि दोन नंबरचं यंत्र जोरात फिरू लागलं. तो थांबला. यंत्र थांबलं, तो बोलू लागला, पाच नंबर सुरू झालं. असं तिसऱ्यांदा झाल्यावर त्याने भाषण सोडून दिलं आणि यंत्रांकडेच बघू लागला. प्रत्येक यंत्राच्या बाजूला एक छोटी प्लॅस्टिकची डबी चिकटपट्टीने चिकटवलेली होती, तिच्यातून वायर निघून मागे गेली होती.

“हे काय चिकटवलंय?”

सगळी खोली यूचेकडे वळली. यूचेच्या तोंडात आख्खं अंडं होतं. त्याने ते सावकाश संपवलं.

“यंत्र हलतंय का ते कळतं त्यातून,” तो म्हणाला. “हलत असेल तर कुणाचे तरी कपडे आहेत. चार मिनिटं हललं नाही तर मोकळं. मग फोनवर निरोप जातो. सारखं खाली येऊन बघायला नको.”

“पाणी भरताना यंत्र हलत नाही. तेव्हा?”

“म्हणून तर चार मिनिटं. आधी दोन ठेवली होती. तेव्हा पहिल्या मजल्यावर मारामारी झाली.”

“तीन नंबरवर लाल पट्टी का?”

“त्याचं खालचं काहीतरी झिजलं होतं. ते वेगळं थरथरायचं. मी वसतिगृहाच्या ऑफिसात सांगितलं की महिन्याभरात बंद पडेल. ते म्हणाले पडल्यावर ये.”

“मग?”

“सव्वीस दिवसांनी पडलं. मग गेलो.”

शाओ फरशीवर मांडी घालून बसला, कंपनीची पँट, ओली फरशी. त्यांची कंपनी कारखान्यांच्या यंत्रांचं जे करते, ते हेच, फक्त डबी बरी असते. ते तो सांगू लागला आणि मुलं जेवता जेवता मध्येच बोलू लागली. एकीने विचारलं, थरथर आपल्याच यंत्राची आहे, शेजारच्याची नाही, हे डबीला कसं कळतं. दुसऱ्याने सांगितलं की यूचेचं गणित चुकीचं आहे, आणि दोघांत भांडण लागलं. यंत्रं फिरत राहिली आणि आता कुणी थांबेना. चिनी साहित्यवाला एक जणसुद्धा काहीतरी विचारत होता.

बीश्या आपला डबा मांडीवर घेऊन बाकावर बसल्या होत्या. त्या मनात मोजत होत्या. गेल्या दोन वर्षांत त्यांनी सोमवारच्या पत्रात निदान चौदा स्पर्धा अशा लिहिल्या होत्या, ज्यांत ही डबी चालली असती. दोनमध्ये तर पहिली आली असती.

“यूचे,” त्या म्हणाल्या, “हे तू एकाही स्पर्धेला का नाही पाठवलंस रे?”

यूचे गोंधळला. “स्पर्धेसाठी नव्हतं ताई. कपड्यांसाठी होतं.”

“आणि माझं पत्र?”

“येतं ना ते,” यूचे म्हणाला. “दर सोमवारी येतं.”

बीश्यांनी एक घास घेतला. यावर बोलण्यासारखं बरंच होतं, पण भात गार होत होता.

दोन वाजता शाओने मोजे विसरू नयेत या पाटीखाली त्रेचाळीस जणांचा फोटो काढला, चपलांसकट. उरलेल्या दोन डब्यांतला एक लो काकांना गेला. दुसरा यूचेने मागितला आणि त्याला मिळाला. जाताना शाओ म्हणाला, “ताई, आता तरी माझं नाव काढा.”

“आज सुट्टी आहे. वही चालत नाही,” बीश्या म्हणाल्या. “चार जागांचं पत्र येऊ दे, मग बघू.”

संध्याकाळी हौ सरांचा फोन आला.

“ज्येन बाई, काही कार्यक्रम वगैरे झाला नाही ना?”

“नाही सर. मुलं जेवली.”

“आणि ते पाहुणे?”

“तेही जेवले.”

“काही बोलले?”

“जेवताना माणूस बोलतोच, सर.”

हौ सर तेवीस वर्षं विद्यापीठात होते, कुठला प्रश्न विचारू नये हे त्यांना कळत होतं. “त्रेचाळीस म्हणे,” ते म्हणाले.

“त्रेचाळीस.”

“बरं,” हौ सर म्हणाले, आणि फोन ठेवला. अहवालात ‘कार्यक्रमाचे नाव’ या रकान्यात बीश्यांनी ‘भोजन’ लिहिलं, आणि सरांनी त्यावर न वाचता सही केली, किंवा वाचून केली.

तीन आठवड्यांनी कंपनीचं पत्र आलं. चार जागा राहिल्या होत्या, पुढच्या तीन वर्षांसाठी. मुलाखतीला बोलावलेल्यांत खांग यूचेचं नाव पहिलं होतं. बीश्यांनी पत्र दोनदा वाचलं, फाइलला लावलं, मग गुलाबी वही उघडून अकरा वर्षांपूर्वीचं पान काढलं. शाओ पिंगजुन या नावावर त्यांनी पट्टी धरून सरळ रेघ मारली. रेघेखाली तारीख घातली.

मग वहीचं शेवटचं पान उघडलं. मुलाखतीची तयारी कशी करावी, या विषयावर मंगळवारी व्याख्यान होतं. नाव नोंदवून न आलेले तीन होते. त्यांनी तिघांची नावं लिहिली, आणि तिसरं नाव लिहिताना जरा जास्तच दाबून लिहिलं. खांग यूचे, तिसरं वर्ष, मांसाहारी.

ते झाल्यावर त्यांनी त्याला फोन लावला. मुलाखत शुक्रवारी दहाला आहे, गाडी सात वाजून चाळीसची आहे, आणि ताइनानला सुट्टी आहे की नाही ते गुरुवारी रात्री स्वतःच्या डोळ्यांनी बघ, एवढं सांगितलं. दोन्ही पायांत एकाच जोडाचे बूट घाल, हेही सांगितलं.

“हो ताई,” यूचे झोपेत म्हणाला. “तिथे डबा असतो का?”